चंद्र, मंगळ आणि फॉरवर्ड: सोलापूरच्या कट्ट्यांवर पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न

पार्क चौकात चहा घेताना, सिद्धेश्वर तलावाच्या काठाने फिरताना, लग्नाच्या पंगतीत आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा अंतराळाचा विषय निघाला की तो लवकर मिटत नाही. यान उतरलं की निघतो, पाऊस हुलकावणी देऊन गेला की निघतो, आकाशात काही चमकलं की निघतोच. दर वेळी तेच प्रश्न नव्याने येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. सूतगिरण्यांच्या या गावात माणसं चंद्रावरून भांडतात, याचा मला मनापासून आनंद आहे. भांडा, पण दाव्याबरोबर तो तपासायची वाटही सांगा, एवढाच आग्रह.

नळाला रोज पाणी नाही, कांद्याला भाव नाही, आणि चंद्रावर कशाला पैसे घालवायचे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि तो चिडून झटकून टाकण्यासारखा नाही. आधी आकडा बघू. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकूण खर्च सुमारे ५० लाख ६५ हजार कोटी रुपये धरला होता. त्यात अंतराळ विभागाच्या वाट्याला सुमारे १३,४१६ कोटी आले. म्हणजे सरकार १०० रुपये खर्च करतं, तेव्हा अंतराळावर साधारण २६ पैसे जातात. चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी होता.

आता त्या २६ पैशांत काय येतं ते पाहा. १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात सुमारे १०,००० माणसं गेली. २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर फायलिन आलं, तेव्हा मृतांचा आकडा ५० च्या आत राहिला. श्रेय एकट्या उपग्रहाचं नाही. निवारे बांधले गेले, लाखो लोकांना वेळेत हलवलं गेलं, गावोगावच्या यंत्रणेने घाम गाळला. पण वादळ कुठे आहे आणि कुठे धडकणार हे काही दिवस आधी कळल्याशिवाय कुणाला हलवणार होतात?

आपल्या शेजारचंही एक उदाहरण आहे. १९७५-७६ मध्ये नासाच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट दूरदर्शन पोचवण्याचा प्रयोग झाला. सोलापूरला लागून असलेल्या कर्नाटकच्या गुलबर्गा पट्ट्यातली गावं त्यात होती. शेतीचे, आरोग्याचे, शाळेचे कार्यक्रम बघायला अख्खं गाव एका संचापुढे जमायचं. विक्रम साराभाईंच्या डोक्यात उपग्रह म्हणजे आधी हेच होतं.

नळाच्या पाण्याचा प्रश्न रास्त आहे. तो जिथे विचारायचा तिथे रोज विचारावा, चढ्या आवाजात विचारावा. पण अंतराळाचे २६ पैसे वाचवले म्हणून तो सुटेल, असं मानायला मला काहीच आधार दिसत नाही.

अमेरिकेचे लोक चार दिवसांत चंद्रावर पोचले. आपल्याला चाळीस दिवस का लागले?

रॉकेटच्या ताकदीमुळे. अपोलो ११ चं सॅटर्न-५ रॉकेट उड्डाणावेळी सुमारे २,९०० टनांचं होतं, आपलं एलव्हीएम-३ सुमारे ६४० टनांचं. सॅटर्नने यानाला थेट चंद्राच्या वाटेला लावलं. आपण यानाला आधी पृथ्वीभोवती लांबट कक्षेत फिरवलं आणि दर फेरीत ते पृथ्वीच्या जवळ आलं की इंजिन थोडा वेळ पेटवलं. झोका खाली आला की नेमका तेव्हा रेटा द्यायचा, म्हणजे पुढच्या खेपेला तो आणखी उंच जातो, तसं. १४ जुलै २०२३ ला निघालेलं चांद्रयान-३ २३ ऑगस्टच्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी उतरलं. यानात माणूस नव्हता, त्यामुळे उशिराने काही बिघडणार नव्हतं आणि इंधन वाचलं. याला मागासलेपण म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. हाती असलेल्या साधनांत नेमकं बसणारं गणित करायला अक्कल लागते.

मग इस्रो नासापेक्षा भारी का?

अशी तुलना करून हाती काही लागत नाही. मंगळयान सुमारे ४५० कोटींत झालं. त्याच्या दोन दिवस आधी मंगळाजवळ पोचलेल्या नासाच्या मेव्हनला सुमारे ६७ कोटी डॉलर लागले. हे दोन्ही आकडे खरे आहेत. पण मंगळयानावरची सगळी वैज्ञानिक उपकरणं मिळून सुमारे १५ किलोची होती, मेव्हनची त्याच्या कितीतरी पट. आपल्याकडे अभियंत्यांचे पगार कमी, आधी सिद्ध झालेलं पीएसएलव्ही रॉकेट हाताशी आणि ध्येय मर्यादित. मंगळाच्या कक्षेत पहिल्याच प्रयत्नात पोचणं ही जबरदस्त गोष्ट आहे आणि ती तशीच सांगावी. चांद्रयान-१ ने चंद्रावरच्या पाण्याच्या खुणा दाखवल्या, तेव्हा ते काम करणारं एक महत्त्वाचं उपकरण नासाचं होतं, हेही सांगावं. दोघांनी मिळून केलेलं काम आपण वादात उगाच वाटून घेतो.

चंद्रावर माणूस गेलाच नव्हता, स्टुडिओत शूटिंग केलं, असं भाचा म्हणतो. त्याला काय सांगू?

त्याला आपल्याच यानाचा फोटो दाखवा. चांद्रयान-२ चं लँडर २०१९ मध्ये कोसळलं, पण ऑर्बिटर चंद्राभोवती फिरत राहिलं. त्याच्या तीक्ष्ण कॅमेऱ्याने अपोलो ११ चा तिथे राहिलेला खालचा भाग टिपला आहे. नासाच्या ऑर्बिटरने तर अंतराळवीरांच्या पावलांनी पडलेल्या वाटाही टिपल्या. अमेरिकेवर विश्वास नसेल तर इस्रोवर तरी ठेवायला हरकत नसावी.

बाकी मुद्दे थोडक्यात. सहा मोहिमांत मिळून १२ माणसं चंद्रावर चालली आणि ३८२ किलो दगडमाती घेऊन आली, ती जगभरच्या प्रयोगशाळांनी तपासली. सोव्हिएत संघाच्या लुना-१६ ने १९७० मध्ये यंत्राने थोडी माती आणली, तीही ताडून बघता आली. अपोलो ११, १४ आणि १५ ने ठेवलेल्या आरशांवर आजही लेझर मारून चंद्राचं अंतर मोजतात. त्यावरूनच कळलं की चंद्र दर वर्षी सुमारे ३.८ सेंटीमीटर दूर सरकतोय. झेंडा हलताना दिसतो, कारण त्याच्या वरच्या कडेला आडवी दांडी होती आणि हवा नसल्यामुळे एकदा हललेलं कापड लवकर थांबत नाही. आकाशात तारे नाहीत, कारण उन्हात चमकणाऱ्या जमिनीसाठी कॅमेरा लावला होता. रात्री भर उजेडातल्या गड्ड्याच्या जत्रेचा फोटो काढा, त्यातही तारे येत नाहीत.

आणि सगळ्यात मोठा साक्षीदार सोव्हिएत संघ. शर्यत हरलेला, स्वतःची रडार आणि अँटेना बाळगणारा, अमेरिकेला उघडं पाडायला टपलेला देश. तो गप्प बसला असता का?

चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरने चंद्राच्या मातीवर राजमुद्रा उमटवली, तो फोटो खरा आहे ना?

चाकांवर राजमुद्रा आणि इस्रोचं चिन्ह कोरलेलं होतं, हे खरं. पण फिरलेला तो ठसठशीत फोटो कुणीतरी संगणकावर केलेलं चित्र होतं. तिथली माती अपेक्षेपेक्षा वेगळी निघाली आणि ठसे तसे स्पष्ट उमटले नाहीत. खरे फोटो इस्रोच्या संकेतस्थळावर आहेत. करडे, खडबडीत, सावल्यांनी भरलेले. मला तेच जास्त आवडतात, कारण ते चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळून आलेत, सुमारे ६९ अंश दक्षिणेवरून, जिथे आधी कुणीच उतरलं नव्हतं.

‘नासाने सांगितलंय’ म्हणून येणाऱ्या मेसेजमधलं खरं किती असतं?

ठरलेले काही मेसेज दर वर्षी त्याच सुमारास उगवतात.

दिवाळीत भारताचा रंगीबेरंगी ‘उपग्रह फोटो’ येतो. तो फोटो नव्हेच. १९९२ पासून २००३ पर्यंत रात्रीचे दिवे कसे वाढत गेले हे दाखवण्यासाठी अमेरिकन हवामान उपग्रहांच्या नोंदी एकावर एक ठेवून, वेगवेगळ्या वर्षांना वेगवेगळे रंग देऊन केलेला तो नकाशा आहे. नासाने २०१२ मध्ये दिवाळीच्या रात्रीचं खरं छायाचित्र देऊन हा खुलासाही केला. दिवाळीचा जादा उजेड अंतराळातून जवळपास कळतच नाही.

ऑगस्टमध्ये ‘मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसणार’ येतो. याचं मूळ २००३ सालात आहे. त्या ऑगस्टमध्ये मंगळ खरोखरच खूप जवळ, सुमारे ५.५७ कोटी किलोमीटरवर आला होता. दुर्बिणीतून बघितला तर चंद्राएवढा दिसेल, अशा अर्थाचं वाक्य होतं. फिरता फिरता त्यातली दुर्बीण गळाली आणि साल पण गळालं.

‘रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाईल बंद ठेवा, वैश्विक किरण येतायत’ हा तर साफ खोटा. वैश्विक किरण पृथ्वीवर सतत येतात आणि त्यांना मोबाईलच्या स्विचशी काही देणंघेणं नाही.

‘नासाने पेनावर कोट्यवधी उधळले, रशियाने पेन्सिल वापरली’ ही गोष्ट भाषणांतही ऐकू येते. ते पेन फिशर नावाच्या कंपनीने स्वतःच्या पैशाने बनवलं आणि नासाने विकत घेतलं, पुढे सोव्हिएत संघानेही घेतलं. पेन्सिलीचं ग्रॅफाइट वीज वाहून नेतं. त्याची भुकटी बंद यानात तरंगत उपकरणात शिरली तर घात होऊ शकतो.

सोलापुरात या मेसेजचा प्रवास वेगळाच असतो. एकच अफवा सकाळी मराठीत येते, दुपारी पूर्व भागातल्या मित्राकडून तेलुगूत आणि रात्री अक्कलकोटच्या पाहुण्यांकडून कन्नडमध्ये. तीन भाषांत आली म्हणून ती तिप्पट खरी वाटू लागते. मूळ एकच असतं.

संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा आहे, असं नासाने जाहीर केलंय?

नाही. नासाशी संबंधित रिक ब्रिग्ज या संशोधकाने १९८५ मध्ये एका नियतकालिकात लेख लिहिला होता. संस्कृत व्याकरणपरंपरेतली अर्थ मांडायची काटेकोर पद्धत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामी येऊ शकेल, असं त्यात म्हटलं होतं. संस्थेची ती घोषणा नव्हती. पाणिनीच्या सूत्रांचा दबदबा भाषाशास्त्रात आधीपासूनच आहे, त्याला नासाचा शिक्का कशाला हवा?

विमान येऊन फिरलं की पाऊस पळतो. ढग पळवतात ना ते?

मोहोळ, माढा, मंगळवेढा, सांगोला, कुठेही जा, हा प्रश्न भेटतोच. आणि विचारणाऱ्याचं पीक वाळत असतं, तेव्हा हसून उत्तर देणाऱ्याचा मला राग येतो.

आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहोत. ढग येतात, भरून येतात आणि न बरसता जातात. म्हणूनच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ढगांमध्ये बीज पेरण्याचा प्रयोग २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात केला. विमान ढगाच्या तळाशी जातं आणि पंखाला लावलेल्या नळकांड्या पेटवतं. त्यातून कॅल्शियम क्लोराइडचे बारीक कण निघतात. कण पाणी ओढून घेतात, त्यांच्याभोवती मोठे थेंब तयार होतात, ते लहान थेंबांना गिळत खाली येतात. निदान कल्पना तरी अशी.

या प्रयोगातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळी आहे. पेरण्याजोगा ढग सापडला तरी त्यात बीज पेरायचं की नाही हे नशिबावर सोडलं होतं. काही ढगांत पेरलं, काहींत मुद्दाम पेरलं नाही, आणि मग दोन्हींची रडारने आणि जमिनीवरच्या पर्जन्यमापकांनी तुलना केली. असे २७६ ढग तपासले. नाहीतर पाऊस पडला की ‘आमच्यामुळे’ आणि नाही पडला की ‘विमानामुळे’ असं कुणीही म्हणू शकतं. निष्कर्ष असा निघाला की अनुकूल परिस्थितीत वाऱ्याच्या दिशेने सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात पाऊस सरासरी १८ टक्के वाढला. सगळेच ढग दाद देत नाहीत, आणि ढगच नसतील तर विमान काही करू शकत नाही.

आता ढग पळवण्याबद्दल. एक किलोमीटर लांब, रुंद आणि उंच अशा साध्या पांढऱ्या ढगात साधारण ५०० टन पाणी असतं. पावसाळी ढगात त्याहून खूप जास्त. खालून वर जाणारी गरम हवा त्याला धरून ठेवते, ती थांबली की तो विरतो. एका छोट्या विमानात त्याला हाकलायची ताकद नसते. मग विमानानंतर ढग विरलेला का दिसतो? कारण विमान भरून आलेल्या आभाळातच येतं, आणि आपल्याकडचं भरून आलेलं आभाळ बहुतेक वेळा विमानाशिवायही कोरडंच जातं. ज्या दिवशी विमान आलं नाही आणि पाऊसही आला नाही, ते दिवस कुणी मोजत नाही. वहीत दोन्ही मोजा. पाऊसकाळ संपेपर्यंत चित्र बदललेलं दिसेल.

शेतात पॅराशूट आणि यंत्राची पेटी पडली. बॉम्ब आहे का?

बहुधा विज्ञानाचं सामान असेल. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हैदराबादला बलून केंद्र आहे. तिथून ५० ते ८५ मीटर व्यासाचे पातळ प्लास्टिकचे प्रचंड फुगे सोडतात, ते ३० ते ४२ किलोमीटर उंचीवर जातात. काम झालं की उपकरणं रंगीत पॅराशूटने खाली येतात. ती विशाखापट्टणम, हैदराबाद, सोलापूर या रेषेच्या आसपास कुठेही उतरू शकतात, असं ही संस्था आपल्या सूचनांत सांगत आली आहे. उघडू नका, हलवू नका, वायर तोडू नका. जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. पेटीवर पत्ता आणि फोन लिहिलेला असतो. आतल्या नोंदींसाठी कुणाची तरी अनेक वर्षांची मेहनत खर्ची पडलेली असते, आणि ती तुमच्या बांधावर सुखरूप आहे ही बातमी त्यांना तुमच्याकडूनच मिळणार असते.

आकाशात जळतं काहीतरी गेलं. उल्का की परग्रहवासी?

किती वेळ दिसलं ते सांगा, निम्मं उत्तर त्यातच आहे. उल्का एक-दोन सेकंदांत संपते. रॉकेटचा तुकडा सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने, जवळपास आडवा येतो, फुटत फुटत, आरामात बघता येईल इतका वेळ. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्रात अनेक ठिकाणांहून असंच दृश्य दिसलं आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूचं मोठं कडं आणि गोळे सापडले. चिनी रॉकेटच्या शेवटच्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असं तज्ज्ञांनी कक्षा ताडून सांगितलं.

एका ओळीत सरकणारे दिवे असतील तर ते स्टारलिंक या उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या सेवेचे नुकतेच सोडलेले उपग्रह. न लुकलुकता एकच ठळक ठिपका चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडत असेल तर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. ते सोलापूरवरून जातं तेव्हा साध्या डोळ्यांनी दिसतं, सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयाआधी. नासाचं ‘स्पॉट द स्टेशन’ वेळ आणि दिशा सांगतं. मुलांना एकदा गच्चीवर नेऊन दाखवाच.

तिथे गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून माणसं तरंगतात ना?

असतं. ४०० किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असतं. स्थानक आणि आतली माणसं पृथ्वीकडे एकत्रच पडत असतात, पण ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पुढेही जात असल्यामुळे जमिनीला लागत नाहीत. सोबतचं सगळंच पडत असलं की वजन जाणवत नाही.

शुभांशू शुक्ला दुसऱ्यांच्या यानातून तिकीट काढून गेले. त्यात एवढं कौतुक कसलं?

राकेश शर्माही १९८४ मध्ये सोव्हिएत सोयुझमधूनच गेले होते. शुक्ला २५ जून २०२५ ला निघाले, १५ जुलैला परतले, स्थानकावर राहणारे पहिले भारतीय ठरले. मूग आणि मेथी तिथे कशी उगवते हे त्यांनी पाहिलं. गगनयान या आपल्या स्वतःच्या यानातून माणूस पाठवण्याच्या मोहिमेसाठी निवडलेल्या चौघांपैकी ते एक आहेत, त्यामुळे तिथलं प्रशिक्षण आणि अनुभव आपल्या मोहिमेच्या कामी येणार. पैसे देऊन शिकण्यात कमीपणा नाही.

सॅटेलाइटवरून आपल्यावर पाळत ठेवतात का? मोबाईलचं लोकेशन त्यांना कळतं म्हणे.

जीपीएसच्या उपग्रहाला तुम्ही अस्तित्वात आहात हेसुद्धा कळत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटरवरून ते फक्त वेळ आणि स्वतःची जागा ओरडून सांगत असतात. फोन किमान चार उपग्रहांचं ऐकतो आणि स्वतःची जागा स्वतःच काढतो. जीपीएससारख्याच आपल्या ‘नाविक’ या उपग्रह प्रणालीचंही तत्त्व तेच. उपग्रहावरची घड्याळं जमिनीपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. आइनस्टाइनच्या गणिताने ते दुरुस्त केलं नाही तर एका दिवसात चूक ११ किलोमीटरपर्यंत जाईल, म्हणजे सात रस्त्यावर उभं राहून नकाशा तुम्हाला गावाबाहेर दाखवेल.

पाळत म्हणाल तर ती खिशात आहे. काढलेली जागा इंटरनेटवरून पाठवतात ती ॲप्स. टॉर्चच्या ॲपला लोकेशन कशाला हवं? आजच सेटिंगमध्ये जाऊन परवानग्या बघा.

स्टारलिंक आलं की फायबर, टॉवर सगळं बंद पडेल?

नाही. पहिली गोष्ट, आज आपल्याकडे येणारं इंटरनेट आकाशातून येतच नाही. खंडाखंडांमधला बहुतांश डेटा समुद्राखालच्या केबलमधून धावतो. २००८ च्या जानेवारीत भूमध्य समुद्रात केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट रखडलं, ते त्यामुळेच.

जुने दळणवळण उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर. सिग्नलने वर जाऊन खाली यायचं, उत्तरानेही तेच करायचं, त्यातच जवळपास अर्धा सेकंद जातो. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर, त्यामुळे उशीर फारसा जाणवत नाही. पण एका उपग्रहाची क्षमता खालच्या मोठ्या प्रदेशात वाटली जाते. नवी पेठेसारख्या दाट वस्तीत सगळ्यांनी तेच घेतलं तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच येईल. जिथे फायबर पोचत नाही ते डोंगर, बेटं, आडरानातल्या वस्त्या, तिथे याचं मोल खरं. स्टारलिंकला दूरसंचार विभागाचा परवाना २०२५ मध्ये मिळाला. ‘आजच नोंदणी करा, एवढे पैसे भरा’ असे मेसेज त्याआधीपासून फिरतायत. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळाशिवाय कुठेही पैसे भरू नका.

मंगळावर राहायला कधी जायचं?

मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, त्यात ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या आसपास. जायची सोयीची वेळ २६ महिन्यांतून एकदा येते आणि प्रवासाला सहा ते नऊ महिने लागतात. परतीसाठी पुन्हा ग्रह जुळायची वाट बघायची. इलॉन मस्क यांनी दिलेल्या तारखा अनेकदा पुढे सरकल्या आहेत. पण रॉकेटचा खालचा टप्पा उभाच्या उभा परत उतरवणं हे २०१५ पर्यंत बहुतेकांना अशक्य वाटत होतं, ते त्यांच्या कंपनीने करून दाखवलं. त्यामुळे मी तारखांवर विश्वास ठेवत नाही, आणि ‘कधीच होणार नाही’ म्हणणाऱ्यांवरही ठेवत नाही.

व्हॉट्सॲप चालेल का, असं मुलं विचारतात. मेसेज जाईल, पण मंगळ जवळ असताना तीन मिनिटांनी, दूर असताना बावीस मिनिटांनी. व्हिडिओ कॉल विसरा. प्रकाशाहून वेगाने काहीच जात नाही.

मंगळावर यान पोचलं, तरी पत्रिकेतला मंगळ का बघतात?

ते बघणाऱ्यांना विचारा. तपासायचं असेल तर कसं तपासावं हे मात्र जयंत नारळीकरांनी दाखवून दिलं आहे. त्यांनी सहकाऱ्यांसह २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या, निम्मी मुलं शाळेत हुशार, निम्मी बौद्धिकदृष्ट्या अक्षम. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका बघून मूल कोणत्या गटातलं ते सांगायचं होतं. बरोबर उत्तरं ४६ टक्के आली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. चिडचिड नाही, टिंगल नाही, फक्त चोख मांडणी. वाद कसा घालावा याचा यापेक्षा चांगला नमुना मराठी माणसापुढे नाही, असं मला वाटतं.

पृथ्वी सपाट असल्याचे व्हिडिओ बघून मुलगा गोंधळलाय.

त्याला उत्तर दिशेला ध्रुव तारा दाखवा. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची. सोलापुरात ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींच्या आतच, साडेसतरा अंशांच्या आसपास. दिल्लीत जवळपास तीन मुठी वर, कन्याकुमारीत एक मूठही नाही. हिवाळ्यात दक्षिणेला चमकणारा अगस्त्य आपल्याला सुमारे २० अंश वर दिसतो, दिल्लीत तो जेमतेम नऊ अंश येतो, आणि आणखी उत्तरेला गेलं की उगवतच नाही. जमीन सपाट असती तर तारा असा जमिनीखाली कसा गेला असता?

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी, साडेबाराच्या जरा आधी, सोलापुरात उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पुण्यात हे काही दिवसांनी घडतं, मुंबईत त्याहून उशिरा. ऊन फार असतं, टोपी घाला. पण काठी मुलाच्या हातात द्या.

चॅटजीपीटीने सांगितलं, म्हणजे बरोबरच ना?

नाही. असे चॅटबॉट वाक्यं सफाईदार जुळवतात, पण साल, आकडे आणि नावं तितक्याच आत्मविश्वासाने चुकीची सांगू शकतात. अवघड गोष्ट सोपी करून घ्यायला वापरा. आकडा मिळाला की मूळ ठिकाणी जाऊन बघा.

ग्रुपवर काकांनी चुकीचा मेसेज टाकला. सगळ्यांसमोर सांगू का?

आधी खासगीत सांगा. ‘काका, तो फोटो जुना निघाला, खरा हा आहे, तुम्हीच ग्रुपवर टाका’ एवढं पुरतं. त्यांनी टाकला तर उत्तम. नाही टाकला आणि मेसेज निरुपद्रवी असेल, तर दिवाळीच्या फोटोवरून नातं ताणू नका. औषधपाणी, पैसे किंवा कुणाच्या जातिधर्माबद्दल खोटं असेल तर मात्र ग्रुपवरच, नम्रपणे, पण स्पष्ट लिहा. तिथे गप्प बसणं मला मान्य नाही.

मुलीला इस्रोत जायचंय. सोलापुरातून होतं का?

होतं. तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही संस्था अंतराळ विभागाचीच आहे. तिथे बी.टेक.ला जेईई ॲडव्हान्सच्या गुणांवर प्रवेश मिळतो आणि चांगले गुण राखणाऱ्यांना इस्रोत जाण्याची वाट असते. इतर कुठल्याही मान्यताप्राप्त महाविद्यालयातून मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर केलं तरी इस्रोची केंद्रीय भरती परीक्षा देता येते. अभियंत्यांखेरीज डिप्लोमा आणि आयटीआय झालेल्या तंत्रज्ञांचीही भरती होते. रॉकेटचे भाग घडवणारे, जोडणारे, तपासणारे हात तेच असतात, आणि ही गोष्ट पालकांना फार कमी वेळा कुणी सांगतं. नववीत असेल तर ‘युविका’ या शालेय कार्यक्रमाची जाहिरात बघत राहा. सगळ्या जाहिराती इस्रोच्या संकेतस्थळावर येतात. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा कुणीही भेटला, तर त्याचा नंबर जपून ठेवा आणि पोलिसांना द्या.